शरणाक्काचा आणा

आठवड्याचा पगार झाला की शरणाक्का कापसाच्या जिनिंग गिरणीच्या फाटकात आडवी उभी राहायची. एका हातात पत्र्याचा डबा, दुसरा हात कमरेवर. तिला चुकवून बाजार गाठायची कुणाची छाती नव्हती. "आणा टाक, आन् मग जा कुटं बी," असं ती मुकादमालासुद्धा सुनवायची. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या लोहाऱ्याच्या भागात बाई अडली किंवा कुणाचा हात यंत्रात गेला, तर सोलापूरशिवाय इलाज नव्हता. म्हणून आम्ही कामगारांनीच आणा-आणा काढून दोन खोल्यांचा दवाखाना उभा केला होता. चार खाटा, एक नर्सबाई आणि एक तरुण डॉक्टर.

शरणाक्का कापूस निवडायच्या कामावर होती. कानडी मुलखातून लग्न होऊन आलेली, कपाळावर विभूती, तोंडानं फटकळ. तिच्या नवऱ्याला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेला होता, आणि बैलगाडीतून परत आणला तो चादरीत झाकून. "एक दिवस आधी आणला असता तर," असं तिथला डॉक्टर म्हणाला होता. त्या एका वाक्यावर ती बाई दोन वर्षं आणे गोळा करत होती. पण स्वतः आमच्या दवाखान्याचा उंबरा तिनं कधी ओलांडला नाही. डबा बाहेरूनच नर्सबाईच्या हातात द्यायची. फिनाइलचा वास आला की तिचे ओठ पांढरे पडत.

आम्ही तरी कुठले शूर! आणा द्यायचो तो मरीआईला नैवेद्य दाखवावा तसा, तिनं वेशीबाहेरच राहावं म्हणून. शरणाक्काच म्हणायची, "आणा द्या, म्हंजी तिकडं जायची पाळी येत न्हाय." त्यामुळे खाटा रिकाम्या आणि चादरी घडीच्या घडी. डॉक्टर वैतागला होता. "रोगीच नसतील तर मी इथे काय करू? पाडवा झाला की जातो," म्हणायचा.

अशात माझी बायको सुभद्रा अडली. दुसरा दिवस उजाडला आणि सुईणीनं हात टेकले. चौघांनी बाजेवर घालून तिला दवाखान्याच्या दारात आणली, तर तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली. "म्या न्हाय जायची. शरणाक्का सुदिक जात न्हाईत आत. आत गेल्यालं माणूस माघारी येत न्हाय." नर्सबाई तिची बोटं सोडवत होती, डॉक्टर ओरडत होता. भीतीनं माझं डोकं चालेना. मी जिनिंगकडे धावत सुटलो.

शरणाक्का हातातला कापूस टाकून आली, पण दारात थबकली. ही आता परत फिरणार, असं मला वाटलं. "अक्का, तुमच्या पाया पडतो," मी म्हणालो. तिनं "शिवा, शिवा" म्हणत डोळे गच्च मिटले आणि आत शिरली. पहिल्या खाटेवर चक्क आडवी झाली, चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"ये गं पोरी," तिचा आवाज आला. "म्या हाय की निजल्याली. न्यायचंच आसंल तर आदी मला नेतील."

सुभद्रानं चौकट सोडली.

दुपार कलेपर्यंत मी बाहेर बसून होतो. किंकाळी आली की उठून दाराशी जायचो, थांबली की दाराला कान लावायचो. शेवटी बाळाचं रडणं ऐकू आलं आणि मला आत बोलावलं. सुभद्रा घामानं निथळत होती, पण शुद्धीवर होती. कुशीत लेक होती. पलीकडे शरणाक्का तशीच छताकडे बघत पडलेली.

"अक्का, उठा. झालं सगळं."

"पायात बळ न्हाय रं," ती पुटपुटली. मी तिला धरून उभी केली. बाहेर जिनिंगमधल्या बाया जमल्या होत्या. शरणाक्का कशी बाहेर येते, ते बघायला सगळ्या माना उंचावून उभ्या. त्या दिसताच तिनं माझा हात झटकला.

"सोड. बाया बघायल्यात."

ती आपल्या पायांनी चालत बाहेर आली. "लेक झाली. दोगी बी खुशाल हाईत," एवढंच बोलली आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी तीन बाया पोरांना घेऊन दवाखान्यात आल्या, आणि डॉक्टर पाडव्यानंतरही राहिला.

लेक झाली त्या दुपारी दवाखान्याच्या मागच्या भिंतीआड शरणाक्का मटकन खाली बसली होती आणि भडाभडा ओकत होती. हे मी तिच्या हयातीत कुणाला सांगितलं नाही.