जोशी मॅडमची चौथी उडी

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हल्ली शनिवारी समोशांऐवजी मोड आलेले मूग येतात. काल त्यावर लिंबू पिळलं आणि त्या वासासरशी मी थेट स्नेहलतागंजमधल्या माझ्या जुन्या शाळेच्या मैदानावर, सातवीत जाऊन पोहोचले.

पी.टी.च्या सरांनी तेव्हा नवा नियम काढला होता. प्रार्थनेनंतर मुलींबरोबर मॅडमनीही दोरीउड्या मारायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून मूग खायचे. बाकीच्या मॅडम काहीबाही सांगून सटकल्या. गणिताच्या जोशी मॅडम तेवढ्या पुढे आल्या. अंगाने जाड आणि स्वभावाने कडक. त्यांनी पदर खोचला, चपला काढल्या आणि दोरी फिरवली. तिसऱ्या उडीनंतर दोरी पायात अडकली आणि त्या धपकन मातीत बसल्या.

मला जोरात हसू फुटलं. अख्ख्या मैदानात हसणारी मी एकटीच.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. धापा टाकतच त्या म्हणाल्या, "हसतेस काय गं? पहिले हात दे. किती झाल्या, गिनल्या का?"

"तीन, मॅडम."

"ठीक आहे. उद्या चार."

त्यांचा घामेजलेला हात धरून मी त्यांना उठवलं. दमल्यात, एवढंच मला तेव्हा वाटलं. आज त्यांच्याच वयाची झाल्यावर कळतं, सगळ्या शाळेसमोर पडल्यावर 'उद्या' म्हणायला किती धीर लागतो.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. मी मोठ्याने मोजत होते. चौथ्या उडीला अख्खी रांग माझ्याबरोबर ओरडली.