आप्पांच्या मांडीवरची थाप

निमोण्यात कुणाची म्हैस सुटली, कुणाचं पाकीट सापडलं, ग्रामसभा पुढं ढकलली, की माणूस आधी गेणबा आप्पांकडं जातो. आप्पांचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. देवळावर त्यांचे दोन कर्णे कायमचे बांधलेले आहेत आणि त्यावरून आप्पा पुकारतात ते गाणं म्हटल्यासारखं, चालीत. नवख्या माणसाला हसू येतं. गावाला मात्र माहीत आहे की चालीत म्हटलं तर आप्पांची जीभ अडत नाही, एरवी अडते.

विशेषतः 'क' आला की अडतेच. मग आप्पा डोळे मिटतात, हनुवटी वर करतात आणि उजव्या हाताची एक थाप मांडीवर मारतात. थापेसरशी शब्द बाहेर येतो. समोरचा माणूस तेवढा वेळ थांबतो. गिऱ्हाईक थांबतं, सरपंचही थांबतात. मी सातवीत असताना वर्गातल्या एकानं त्यांची नक्कल केली, तर मी त्याचा डबा गटारात फेकला होता. माझं डोकं लवकर तापतं, पण तेव्हा निदान योग्य जागी तापायचं.

माईकपुढं उभं राहायला मला आप्पांनीच शिकवलं. पंधरा ऑगस्टच्या भाषणात मी रडायला लागले, तेव्हा माईकची दांडी खाली घेत ते म्हणाले होते, "लोकांकडं बघू नगं समे. माझ्याकडं बघ." पुढं शिरूरच्या कॉलेजात मी नाटकात शिरले. आमच्या एकांकिकेत एक म्हातारा बांधाची तक्रार घेऊन कचेरीत जातो आणि त्याला कुणी वाक्य पुरं करू देत नाही. तो म्हातारा मी करायचे. तालमीत मी त्याला जरासं अडखळत बोलायला लावलं होतं. हे कुणासारखंही नाही, असं मी स्वतःला बजावत असे.

पोलंडमधल्या विद्यार्थी नाट्यमहोत्सवाचं बोलावणं आलं, तेव्हा गावात सगळ्यांत जास्त हरखले ते आप्पा. प्रयोग इंटरनेटवरून थेट दिसणार होता. तिकडं दुपारचे अडीच, म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे सहा. आप्पांनी देवळापुढं मोठा पडदा लावला, स्पीकरचे चार बॉक्स मांडले आणि तीन दिवस आधीपासून कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं.

तिथला हॉल म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड होती. शंभरेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. मराठी कुणालाच येत नव्हती, म्हणून आमच्या वाक्यांचा इंग्रजी अर्थ वर पडद्यावर उमटायचा होता. ते काम सत्यजीतकडं होतं. तो वरवंडचा, आमचा दिग्दर्शक. तिसऱ्याच मिनिटाला लॅपटॉप अडकला आणि पडद्यावर एकच ओळ खिळून राहिली. पुण्यातल्या प्रयोगांत जिथं हमखास हशा यायचा, तिथं आता कुणी खोकतसुद्धा नव्हतं. पहिल्या रांगेतली एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

मी घाबरले असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मला राग आला. इतक्या लांब आलोय आणि हे लोक माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत, याचा राग. आणि त्या रागात मी डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि मांडीवर थाप मारली.

सगळा हॉल हसला. एकदा करून थांबले असते तर कदाचित गावात कुणाला कळलंही नसतं. मी सहा वेळा केलं. प्रत्येक वेळी थाप जरा मोठी, अडखळणं जरा लांब. शेवटी लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि सत्यजीत मला म्हणत होता, "वाचवलंस बाई. हे कधी बसवलंस?"

"आत्ताच सुचलं," मी म्हणाले.

मेकअप पुसायच्या आधीच आईचा व्हिडिओ कॉल आला.

"दिसलं का नीट?" मी विचारलं.

"दिसलं की. आधी हसली मान्सं. मग गप झाली."

"आन् आप्पा?"

"हायत. मशीनपाशी." मग आवाज खाली घेऊन ती म्हणाली, "मागची मान्सं ऐकू येईना म्हून बोंबलत व्हती, तर आप्पांनीच आवाज वाढवला गं." तिच्यामागं आप्पा पाठमोरे बसून वायर गुंडाळत होते. नेटवर्क नाही म्हणून मी कॉल तोडला. नेटवर्क चांगलं होतं.

त्या दिवसाचं एवढ्यावर भागलं नाही. चार वाजता प्रत्येक गटानं आपल्या नाटकातलं काहीतरी बाकीच्यांना शिकवायचं होतं. आमच्याकडून सगळ्यांना तेच हवं होतं. नाही म्हणता आलं असतं. मी नाही म्हणाले नाही. पाच-सहा देशांतली वीस पोरं गोल करून उभी राहिली आणि मी त्यांना शिकवलं: आधी डोळे, मग हनुवटी, मग थाप. ती मन लावून शिकली. कुणीतरी विचारलं, हे तुमच्याकडचं पारंपरिक आहे का? मी हो म्हणून सांगितलं. माणसाचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही. त्या संध्याकाळी सगळे तिथल्या शहरात फिरायला गेले, मी पोट दुखतंय म्हणून खोलीत पडून राहिले. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती.

परत आल्यावर गावानं सत्कार ठेवला. स्पीकर आप्पांचेच होते, पण पुकारत होता त्यांचा पुतण्या पप्पू. आप्पांचा घसा बसलाय, असं तो म्हणाला. मी शाल खुर्चीवर टाकली आणि तशीच त्यांच्या घरी गेले.

आप्पा ओट्यावर बसून माईकच्या पिनेला सोल्डरचा डाग देत होते. मी पायांशी बसले. "चुकले, आप्पा," एवढंच मला म्हणता आलं. वाटेत जुळवलेलं बाकी सगळं विसरले.

त्यांनी डाग द्यायचं बंद केलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "येडी का काय," ते म्हणाले. "तुझं क... क..."

त्यांचे डोळे मिटायला लागले आणि उजवा हात मांडीकडं निघाला. मग तो मध्येच थांबला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि तो हात डाव्या हातात घट्ट धरून ठेवला. त्यांचे ओठ नुसतेच हलत राहिले. त्यांना 'काम' म्हणायचं होतं. तुझं काम चांगलं झालं, असं ते मला सांगत होते. मी वाट पाहत थांबले, पण हात त्यांनी सोडला नाही आणि शब्द काही निघाला नाही.