कानाच्या मापाची लाठी

गोंदियाच्या फलाटावर बाबांनी माझ्या हातातली लाठी काढून घेतली. वळकटी, ट्रंक, चिवड्याचा डबा सगळं त्यांनी स्वतः छोट्या गाडीत चढवून दिलं, आणि लाठी मात्र आपल्या खांद्याला टेकवून उभे राहिले.

"ही इथंच राहील," ते म्हणाले. "तिथली तिथं काप."

बाबा नगरपालिकेच्या शाळेत ड्रिल मास्तर, आणि संध्याकाळी आखाड्याचे गुरू. त्यांच्या आखाड्याची रीत अशी की लाठी उभी धरली तर ती मालकाच्या कानाला लागली पाहिजे. ज्याला गाव सोडायचं त्याने ती न्यायची नाही. जिथं राहायचं तिथला बांबू घ्यायचा, तिथं आपल्या कानाला लावून नवी कापायची. रीत मला पाठ होती. नोकरीसाठी गेलेल्या कितीतरी पोरांच्या लाठ्या मी कोपऱ्यात उभ्या पाहिल्या होत्या. तरी त्या दिवशी मला वाटलं, मुलगी म्हणून काढून घेतली. गाडी बालाघाटच्या जंगलात शिरली तरी मी मनातल्या मनात बाबांविरुद्ध भाषण ठोकत होते.

तुम्ही जे तिकडं राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही इकडं मजेत आहोत. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, तुम्ही घरी पत्रात तसंच लिहिता. मी नाही लिहिणार.

माझा दादा जबलपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर आहे. मी त्याच्या क्वार्टरमध्ये राहून युनिव्हर्सिटीत शिकायला आले तेव्हा चीनशी लढाई नुकतीच होऊन गेली होती. कारखाना रात्रंदिवस चाले. भोंगा झाला की एक पाळी बाहेर आणि दुसरी आत. दादा दिवसा झोपायचा, शेजारचे दुपारी, पलीकडचे संध्याकाळी. भिंती पातळ. त्यामुळे वहिनी आणि मी सारखं कुजबुजत बोलायचो. कुकरसुद्धा नको, वहिनी म्हणायची, शिटीने उठतील. घराबाहेर सगळी हिंदी, घरात मराठी, पण दबक्या आवाजातली. कित्येक महिने मी माझी भाषा मोठ्याने बोलले नाही. गोंदियात आम्ही अंगणातून रस्त्यापलीकडे ओरडून बोलणारी माणसं! इथं मला माझाच आवाज आठवेनासा झाला.

आणि एक दिवस युनिव्हर्सिटीच्या मैदानाच्या टोकाला, कडुनिंबांच्या मागे, कोणीतरी खणखणीत ओरडलं, "डावा पुढे! हूल! मार!"

मी धावत गेले. तांबड्या मातीवर मुलं लाठी फिरवत होती. सगळी मिश्रा, दुबे, ठाकूर. हुकूम मराठी, आणि मराठी एकालाही येत नव्हती. शिकवणारे तिवारी गुरुजी, वयस्क, पांढरी मिशी. त्यांनी सांगितलं की हा आखाडा युनिव्हर्सिटीहूनही जुना आहे. इंग्रजांच्या काळात इथं साधं कॉलेज होतं, तेव्हा दीक्षितपुऱ्यातल्या एका मराठी मास्तरांनी तो सुरू केला. लाठी म्हटलं की साहेबाचा संशय, म्हणून कागदावर नाव होतं डंबेल्स क्लास. पोरं सकाळी डंबेल्स उचलायची आणि साहेब बंगल्यात गेला की लाठ्या बाहेर निघायच्या. ते मास्तर गेले, साहेब गेला. हुकूम तेवढे राहिले. गुरुजी म्हणाले, मंत्रांचा अर्थ कोण विचारतं? तसंच हे.

मी विचारलं, मुली का नाहीत?

लढाईनंतर सगळ्या देशाला जाग आली होती म्हणे. मुलांना खांद्यावर रायफल देऊन कवायत सक्तीची झाली. आम्हा मुलींना काय दिलं? पट्टी बांधायला. आधी मार खाऊ द्या, मग आम्ही बांधू, असा हा देशाच्या रक्षणाचा विचार! मी पत्रक काढलं. सायक्लोस्टाइलच्या शाईने हात काळे करून हॉस्टेलच्या, लायब्ररीच्या दारात वाटलं: पट्टी बांधता येते, आता लाठी द्या. शारीरिक शिक्षणाच्या विभागप्रमुखांच्या दारासमोर आम्ही रोज बसलो. सोबत होती शकुन, एका फोरमनची मुलगी. जबलपुरात माझी एकुलती एक मैत्रीण. शेवटी प्रमुख कंटाळले आणि सही केली.

पहिल्या दिवशी गुरुजींनी मला विचारलं, "बिटिया, तुम्हारी लाठी कहाँ है?"

दादा सुटीवर गोंदियाला निघाला होता. त्याला म्हटलं, माझी लाठी घेऊन ये. तो हात हलवत परत आला. बाबांनी विचारलं होतं, जबलपूरले बांबू उगवत नाही का?

मग गुरुजींसोबत जाऊन बांबू आणला. इकडचा बांबू भरीव, जड, मनगट मोडणारा. रिक्षातून आडवा घेऊन बडा फुहाऱ्याच्या बाजारातून येताना एक कापडवाला ओरडला, "दीदी, मच्छरदानी टाँगनी है क्या?" सगळा बाजार हसला. मीही हसले, पण घरी येऊन त्याला तेल चोळताना रडले. कानाला लावून कापला, तरी तो कोणा दुसऱ्याचाच वाटत होता. हळूहळू हात बसला. मुली वाढल्या. शकुनच्या लाठीचा मार मी माझ्या लाठीवर झेलायची आणि तो खणखणीत आवाज ऐकला की मला एकटं वाटायचं नाही. दिवसातला तेवढाच वेळ.

मग पाकिस्तानशी लढाई झाली. ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, दादा सलग दोन-दोन पाळ्या कारखान्यात. लढाई थांबल्यावर जवानांचा सत्कार ठरला आणि प्रमुखांना आमचा वर्ग आठवला. मुली लाठीचं प्रदर्शन करतील. पांढऱ्या साड्या, लाठीला तिरंगी फिती, पेटीवर गाणं. आणि लढत नको, फक्त रांगा आणि वर्तुळं. फौजी भाइयों के सामने लड़कियाँ मारपीट करती अच्छी लगेंगी क्या, असं ते म्हणाले.

ज्या लाठीला इंग्रज घाबरला तिला आता फिती! मी त्याच दिवशी दुसरं पत्रक लिहिलं आणि बहिष्काराची हाक दिली. कोणीही आलं नाही. शकुनने पत्रक नीट वाचलं, घडी करून मला परत दिलं.

"तेरे को लीडरी करनी है," ती म्हणाली. "हमको मैदान चाहिए. फीता बाँधने से मिलता है, तो बाँध लेंगे."

सत्काराच्या दिवशी मी गर्दीच्या मागे उभी होते. त्यांनी सुंदर केलं. टाळ्या पडल्या. माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईने शेजारणीला म्हटलं, कितनी प्यारी लग रही हैं. प्यारी! मी तिथून निघाले ते त्यानंतर मैदानाकडे फिरकलेच नाही. माझी लाठी तिथंच कोपऱ्यात राहिली. क्वार्टरमध्ये पुन्हा कुजबुज. दिवाळीला घरी जायचं, बाबांना सगळं सांगायचं, ते तरी माझ्या बाजूने असतील, एवढ्यावर दिवस काढले.

गोंदियाला पोचले, ट्रंक टाकली आणि थेट आखाड्यात गेले. माझी लाठी एका चिमुकल्या मुलीच्या हातात होती. मुठीजवळचा काळा डाग मी कुठेही ओळखला असता. तिच्या कानाला बरोबर लागत होती.

"काहून कापली, बाबा?"

"तिच्या डोक्याच्या वर जात होती. तू तर गेली."

मी त्यांना सगळं सांगितलं. पत्रकं, फिती, शकुन. ते मुलीचा पवित्रा दुरुस्त करत ऐकत राहिले. मग विचारलं, तिकडं पोरी अजून शिकून राहिल्या काय? मी म्हटलं, हो. वर्ग पक्का झाला.

"अन् तू?"

मी म्हटलं, मी सोडलं.

"मंग इथं कायले आली?" बाबा म्हणाले आणि त्या मुलीला हुकूम दिला, डावा पुढे.

रागाने मी त्या रात्री जेवले नाही. आईने ताट झाकून ठेवलं. पण माझ्या डोळ्यांपुढे तो कापलेला बांबू होता. त्या घरात आता माझ्या मापाचं काही उरलं नव्हतं, आणि तसं कोणी लपवलंही नव्हतं.

दिवाळी करून मी परतले आणि भोंगा होताच, क्वार्टरमध्ये न थांबता, मैदानावर गेले. शकुन मला पाहून एवढंच म्हणाली, "आ गईं नेताजी?" मी तिला सांगितलं की फिती चूक होत्या, आणि पुढच्या वर्षीही बांधल्या तर पुन्हा पत्रक काढीन. ती म्हणाली, निकालना. आमचं दोघींचं पहिल्यासारखं अजूनही झालेलं नाही.

माझी लाठी एका नव्या मुलीच्या हातात होती. डोक्याच्या वर जात होती, सांभाळता येत नव्हती. गुरुजी म्हणाले, आरी मँगवाऊँ? थोड़ी छाँट देते हैं.

"नाही," मी म्हटलं. चक्क मराठीत, आणि मोठ्याने. मैदानावरच्या सगळ्या मुली वळून पाहू लागल्या.

मुलीच्या हातातून लाठी घेतली, जमिनीवर उभी केली. कानाला लागली. मग तिला म्हटलं, चल, तुझ्यासाठी बांबू पाहू. ही मी अजून वापरते.