खेकडेभाऊंची पकड

खेकडेभाऊंच्या कृषी केंद्रात कोणी पाय ठेवला की ते आधी त्याचं मनगट धरत. दोन्ही हातांनी, अंगठा आणि बोट लावून. "सुटून दाखव," म्हणत. सुटता येत नसे. मग गंभीर चेहऱ्यानं सांगत, "तुहं मनगट म्हंजे लोह. माहा एकेक हात म्हंजे ग्लायसीन, लहानसं अमिनो आम्ल. त्याचं एक टोक नायट्रोजनचं, एक ऑक्सिजनचं. दोन्ही टोकांनी धरलं की झालं चिलेट. मंग पाण्यातल्या चुन्याले लोह सापडतच नाही." म्हणून ते खेकडेभाऊ. फुलसावंगीत त्यांचं खरं नाव विचारलं तर लोक विचारात पडत.

आमच्या तांड्याचं बोअरचं पाणी जड. त्यात साधं लोह सल्फेट टाकलं की गंज खाली बसतो आणि सोयाबीन पिवळं ते पिवळंच. म्हणून भाऊ चिलेट लोहाच्या प्रत्येक पेटीतलं एक पाकीट फोडत, आमच्याच पाण्याच्या ग्लासात टाकत आणि तासभर बसवून ठेवत. पाणी नितळ राहिलं तरच माल विकत. आमचा जीव मेटाकुटीला यायचा. "घाई असन तर महागावले जाय," एवढंच म्हणत.

एका ऑगस्टमध्ये पावसानं उघडीप दिली आणि अख्खं गाव एकाच दिवशी फवारणीला निघालं. त्या गर्दीत भाऊंनी ग्लास न भरताच माल दिला. चौथ्या दिवशी ते स्वतः माझ्या शेताच्या धुऱ्यावर उभे. हातात ग्लास, तळाशी तांबडा गाळ.

"याच्यात लोह धरेल नाहीच, नुसतं मिसळेल हाय. मी पाह्यलं नाही. चूक माही."

मी म्हटलं, "भाऊ, फसवलं कंपनीनं. तुमी कायले मनाले लावून घेता?"

"कंपनीले तू ओळखत नाही. मले ओळखतं."

माल नेलेल्या प्रत्येकाच्या दारात ते गेले. त्यानंतर चिलेट विकणं त्यांनी बंदच केलं. किती समजावलं, तरी पुन्हा एक पेटी मागवली नाही. मला तर रागच आला त्यांचा. शेवटी आम्ही महागावहून पाकिटं आणायला लागलो आणि घरी नेण्याआधी भाऊंच्या समोर ठेवायला लागलो. दुसऱ्याच्या दुकानातला माल ते तासन्‌तास तपासत बसत.

यंदा पुन्हा पानं पिवळी पडली. महागावहून पाकीट घेतलं, फुलसावंगीला उतरलो, सरळ दुकानापाशी गेलो. शटर बंद होतं. भाऊंना जाऊन दोन महिने झाले होते, खांदा मीच दिला होता. तरी शटर वाजवलं.