पाण्यातून न काढलेलं कापड

मी शिवलेला मास्क अजून आमच्या गावात वापरात आहे. बाजरीच्या मळणीला बायका तो बांधतात, केडगाव स्टेशनकडं धुळीतून दुचाकीवर जाणारी माणसं हेल्मेटच्या आत लावतात. दिवसभर लावला तरी कान दुखत नाहीत, जीव कोंडत नाही, बोलताना तो नाकावरून घसरत नाही. तीस वर्षं शर्ट-पँटी शिवल्या, पण कुणी त्यांचं एवढं नाव काढलं नाही. अभिमान आहे, तो मी लपवत नाही. लपवली ती दुसरी गोष्ट.

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं मास्क शिवायचं काम मला दिलं. मांजरपाटाचा तागा आला. कोरं सुती कापड आधी पाण्यातून काढायचं, वाळवायचं, मगच कात्री लावायची, हे आमच्या धंद्यातलं अगदी पहिलं शिक्षण. मी पाण्यातून काढलं नाही. घाई होतीच, पण खरं कारण वेगळं. खळीचं कापड मशीनखाली सरळ चालतं, आणि सरपंचांच्या टेबलावर कडक मास्कची चळत मांडायची मला हौस होती.

घरोघर तपासणीला फिरणारी आमच्या गावची आशा कार्यकर्ती, तिला सगळे ताईच म्हणतात, पहिल्याच दिवशी म्हणाली की तोंडाला पुठ्ठा बांधल्यासारखं वाटतंय. मी हसण्यावारी नेलं. तिनं मास्क धुतला आणि तो आटला. नाक झाकलं की हनुवटी उघडी, गालाशी बोट जाईल एवढी फट. ती तो घेऊन पंचायतीत आली. सरपंचांनी माझ्याकडं पाहिलं.

"उकळत्या पाण्यात टाकला असंल," मी म्हणालो. "मग आटणारच."

सरपंच तिला सगळ्यांदेखत बोलले. गावाला हात धुवायला शिकवता आणि स्वतःला एक मास्क धुता येत नाही, असं. तिनं मास्क पिशवीत घातला आणि ती निघून गेली.

घरी येऊन उरलेलं कापड भिजवलं. वाळल्यावर खिडकीशी धरलं तर सूत दाटून आलेलं, उजेड पहिल्यापेक्षा कमी येत होता, तरी हाताला मऊ आणि श्वासाला मोकळं. मग मी हट्टालाच पेटलो. टेरीकॉट लावून पाहिलं, घाम आतच राहिला. मांजरपाटाचे तीन पदर केले, तर दुपारपर्यंत ताईनं मास्क नाकाखाली ओढला, आणि नाकाखालचा मास्क काय कामाचा? प्रत्येक नमुना तीच उन्हातान्हात लावून फिरायची आणि खोडी काढायची. मी एवढा खटाटोप का करतोय ते तिला सांगितलं नाही. शेवटी बाहेर दाट पॉपलीन, आत मांजरपाट, दोन्ही पाण्यातून काढलेली, नाकाशी बारीक तार. तो मास्क तिनं सकाळी लावला आणि संध्याकाळपर्यंत त्याला बोट लावलं नाही. गावातले सगळे मास्क बदलून दिले. पंचायतीनं मला शाल-नारळ दिला. ताईनं टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

गेल्या वर्षी बचत गटानं मला शिलाई शिकवायला बोलावलं. ताई पुढंच बसली होती. कापड पाण्यातून का काढायचं, हे सांगता सांगता मी अडखळलो, आणि मग सगळंच सांगून टाकलं.

तिनं हातातल्या सुईवरची नजर काढली नाही. "मामा, त्याच उकळत्या पाण्यात माझं जुनं फडकं बी हुतं. ते न्हाई आटलं. मला तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं तुमचं हुतं. आन् आत्ता बी अर्धंच झालंय. सरपंच कुठं हायेत हितं?"

बायका हसल्या. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरपंचांच्या घरी गेलो आणि खरं काय ते सांगितलं. आता ते माजी आहेत. जुनं झालं, सोडा, असं म्हणू लागले. मी उठलो नाही. शेवटी त्यांनी फोन लावला आणि माझ्यासमोर म्हणाले, "ताई, चूक तुमची नव्हती." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. मधूनमधून म्हणत होते, "व्हय, व्हय."

फोन ठेवून ते माझ्याकडं वळले. "ती म्हणती, मास्क लई चांगले हुते तुमचे. नंतरचे. नंतरचे म्हणून सांगा म्हणाली."

पंचायतीची शाल पांघरताना छाती भरून आली नव्हती. ती सरपंचांच्या घरी भरून आली.