कान्ह्याचं जावळ आणि हेड मॅडमचं कार्ड

माझ्या सख्ख्या सुनेनं माझा सख्खा नातू माझ्या हातात द्यायला नकार दिला. घरात भांडण नव्हतं, वाटणी नव्हती, अबोलाही नव्हता. त्याच सकाळी त्याच सुनेनं मला आलं घालून चहा करून दिला होता. आणि तीच बाई थोड्या वेळानं बालवाडीच्या दारात उभी राहून मला म्हणते, "नमस्कार आजी. कार्ड आणलंय का?"

आजी! घरात मी हिची माय. शाळेच्या उंबऱ्यावर आले की मी कोण, तर आजी. जशी काही रस्त्यानं चालले होते आणि पाणी मागायला थांबले.

आता नीट सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी मधूनच सुरू झाली. ही हर्षा, माझी धाकटी सून. आमच्या गावच्या बालवाडीत हेड मॅडम आहे. आणि कान्हा हा थोरल्या मुलाचा, विजूचा मुलगा. बरीच वर्षं वाट बघायला लावून आलेला. तो व्हावा म्हणून प्रकाशा या तीर्थाच्या गावी, तापीच्या घाटावर नवस बोलले ती मी. लेकरू होऊ दे, त्याचं पहिलं जावळ इथंच उतरवीन, तोवर डोक्याला कात्री लागू देणार नाही, असं हात जोडून सांगून आले. तीन वर्षं मी त्या केसांची राखण केली. शेवटी शेवटी तर त्याची वेणी घालावी लागायची, लाल रिबीन लावून. बाजारात बायका म्हणायच्या, "काय गोड पोर शे." मी म्हणायची, "पोर नाही, पोऱ्या शे." मुलगी नाही, मुलगा आहे. रोज हेच.

तर जावळाचा दिवस उजाडला. मुहूर्त बाराच्या आतला. विजू आणि त्याची बायको कल्पना पाहुण्यांना घेऊन सकाळीच प्रकाशाला निघायचे होते. तेवढ्यात कान्ह्यानं स्वयंपाकाच्या भिजवलेल्या डाळीत अंगाचा साबण टाकला. वरून हलवलाही. तेव्हा हर्षा म्हणाली, "याला मी शाळेत नेते. मला आज रजा नाही, एक मदतनीस बाई सुट्टीवर आहे आणि दुसरी नवी. शाळा साडेअकराला सुटते. सुटली की स्कुटीवरून याला थेट घाटावर आणते. बाराच्या आत तिथं असू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सोडून.

नवस कोणाचा? माझा. देवाला शब्द कोणी दिला? मी. आणि मुलगा कशावरून येणार, तर स्कुटीवरून. पंक्चर झाली तर? उसाची ट्रॉली आडवी झाली तर? सुनेला उशीर झाला तर देव काही सुनेला विचारणार नाही, मला विचारणार. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं. मी मागून येते." कान्ह्याला मी घेऊन येते हे काही बोलले नाही. बोलले असते तर चर्चा झाली असती. आमच्या घरात चर्चा फार होते.

नवं लुगडं नेसले, नथ घातली. चष्मा घरीच ठेवला, कारण नथ आणि चष्मा एका नाकावर शोभत नाहीत (हे मी आजही म्हणते). भटूची रिक्षा बोलावली आणि शाळेपुढं उभी केली.

आणि दारात हे, नमस्कार आजी.

"हर्षा, कान्ह्याला दे. मुहूर्त चुकेल."

"आजी, मुलाला न्यायला आईवडिलांनी ज्यांचा फोटो दिलाय त्यांच्याकडेच देता येतं. तुमचं कार्ड नाही."

"मी कोण आहे?"

"मला माहीत आहे तुम्ही कोण आहात."

"मग?"

"मग कार्ड नाही."

आता कार्ड का नव्हतं ते सांगते. विजू आला होता फोटो काढायला. मी म्हटलं, मला या गावात कोण ओळखत नाही? आता माझा फोटो काढायचा तो भिंतीवर हार घालायलाच काढा. हे बोलणं तेव्हा सगळ्यांना आवडलं होतं. हर्षाही हसली होती. आणि बरं, हर्षाचं स्वतःचं कार्ड आहे. काकीचं कार्ड आहे, आजीचं नाही. ही कुठली शाळा?

"मी विजूभाऊंना फोन लावते," ती म्हणाली. "ते हो म्हणाले की लगेच देते. तोवर आत बसा."

विजूनं फोन उचलला नाही. घाटावर ढोल चालू होता, त्याला काय ऐकू येणार. मी आत बसले. खुर्ची मुलांची. मी त्यात मावले, पण पुढं उठायच्या वेळी खुर्चीही माझ्याबरोबर उठली.

आजवर मला वाटायचं, हेड मॅडम म्हणजे पंख्याखाली बसून दुसऱ्याला कामं सांगणारी. ही तर बसलीच नाही. एक पोरगं रडत होतं, ते कडेवर. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते बघितलं. नव्या मदतनीस बाईला सांगितलं, "संडासाला एकटं सोडायचं नाही, दार पूर्ण लावायचं नाही." धडगावकडून शेतात कामाला आलेल्या एका कुटुंबाची मुलगी कोपऱ्यात मुकी बसली होती, तिच्याशी ही तिच्याच पावरी बोलीत दोन शब्द बोलली. मुलगी लगेच हसली. ही पावरी कधी शिकली? घरात माझ्याशी तर घरच्या बोलीतसुद्धा मोजकंच बोलते. मग एका बाईनं येऊन विचारलं, माझा मुलगा अजून शंभरपर्यंत का म्हणत नाही. तिला हर्षानं इतक्या गोडीनं समजावलं की मला हेवा वाटला. इतकं गोड मला कधी नाही समजावत.

पण कौतुक करायला मी आले नव्हते. घड्याळ पुढं चाललं होतं.

"फोन लागला का?"

"वाजतोय. उचलत नाहीत."

"म्हणजे विजू बहिरा, म्हणून मी परकी?"

"आजी, नियम सगळ्यांना सारखा. मीच घरच्यांना सूट दिली तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं अडवू?"

बघा! बाकीचे आणि मी सारखे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात आतून मदतनीस बाईची हाक आली. कोण्या पोरानं नाकात चणा घातला होता. हर्षा धावली, तिच्यामागून मदतनीस धावली, आणि खोलीत मोठं माणूस म्हणून मी एकटीच उरले.

मागच्या भिंतीकडे सतरंजीवर दोन-तीन मुलं झोपली होती, भिंतीकडे तोंड करून. सगळ्यांना सारखाच गणवेश, पिवळा बनियन आणि तपकिरी चड्डी. पण एकाच्या पाठीवर वेणी. लाल रिबीन. माझ्या नातवाची वेणी मी ओळखणार नाही? सकाळी मीच घातलेली. संबंध शाळेत वेणी असलेला मुलगा एकच, आणि तो आमचा.

(वेणी मुलींनाही असते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. असं सगळे म्हणतात. सगळ्यांना नंतर सुचतं.)

उचललं, खांद्यावर घेतलं, ऊन लागू नये म्हणून तोंडावरून पदर ओढला आणि मागच्या दारानं रिक्षात.

भटू म्हणाला, "माय, नातू तर अगदी तुन्हावर गया शे."

माझ्यावर गेलाय! मला काय बरं वाटलं! त्याला पदराबाहेर फक्त पाय दिसत होते, हे लक्षात आलं नाही.

रस्ताभर हर्षाचे फोन येत होते. मी एकही घेतला नाही. म्हटलं, कळू दे फोन न उचलणं कसं लागतं ते. खांद्यावर लेकरू गाढ झोपलेलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि मी जिंकलेली. त्या वाटेवर इतकी सुखात मी लग्नातसुद्धा गेले नव्हते.

घाटावर पोचले तर सगळी तयारी. आमच्या घरची रीत अशी की जावळ उतरताना आई समोर नसते आणि मूल मामाच्या मांडीवर असतं. त्यामुळं कल्पना देवळात बसलेली. विजू पंगतीचं बघायला गेलेला. मामा आला होता सुरतेहून. भाच्याला त्यानं आजवर मोबाइलवरच पाहिलेलं, तेही कान्हा उलटा लोंबकळत असताना. मी लेकरू त्याच्या मांडीवर दिलं. मामा गहिवरला. म्हणाला, "मोठा झाला हो."

डोक्यावर पाणी पडल्यावर लेकरू जागं झालं. मी तोंडात पेढा घातला, तेव्हा रडलं नाही. शहाण्यासारखं बसलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कान्हा शहाण्यासारखा कधी बसत नाही. पण मी मनात म्हटलं, नवसाचा प्रताप.

न्हावी आप्पांनी रिबीन सोडली, केस मोकळे केले आणि थांबले. "माय, हाई पहिलंच जावळ शे ना?"

"पहिलंच. तीन वर्षं कात्री लागली नाही."

"मंग कपाळवरला केस कसा कापेल शेतस?"

वाकून पाहिलं. मला धूसरच दिसलं, पण दिसलं. कपाळावर सरळ रेषेत कापलेले केस. मी जागच्या जागी पेटले. कोणाचं काम असणार? शाळेतलं! कार्ड मागतात आणि आत नेऊन मुलांचे केस कापतात! माझा नवस मोडला! मी तिथंच चार पाहुण्यांसमोर हर्षाचा उद्धार सुरू केला. अशी हेड मॅडम, तशी हेड मॅडम, मुलाला सांभाळायला दिलं तर डोकं भादरून ठेवलं. पाहुणे च्च च्च करत होते. आप्पा म्हणाले, आता काय, उरलेलं तरी मुहूर्तावर काढू. वस्तरा उघडला.

"मला रिबीन पाहिजे," लेकरू म्हणालं.

"रिबीन नंतर, कान्हा," मामा म्हणाला.

"मी खुशी आहे."

मामा हसला. "हो, आम्ही पण खुशी आहोत."

तेवढ्यात पंगतीकडून विजू पळत आला, कानाला फोन, एका पायात चप्पल. "आप्पा, थांबा! वस्तरा खाली ठेवा!" मग माझ्याकडे वळला. "माय, हाई कोनी पोर लई उनी तू?"

पोर. म्हणजे मुलगी. तीही दुसऱ्या कोणाची तरी, मी घेऊन आलेली. घाटावर ढोलसुद्धा थांबला.

खुशी ही कापडदुकानवाल्या शांतीलाल शेठची नात. गावात एवढं लांब केसांचं कौतुक त्यांच्याच घरी. तिच्या आईनं ते केस कसे वाढवले असतील हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मी घाटावर खालीच बसले. आप्पांचा वस्तरा माझ्याच डोक्यावरून फिरला असता तर बरं, असं वाटलं.

शाळेत काय झालं ते मग विजूनं सांगितलं. हर्षा चणा काढून बाहेर आली, तर आजी नाही, खुशी नाही, आणि कान्हा शेजारच्या खोलीत मातीचा बैल करत बसलेला. तिला सगळं एका नजरेत कळलं. मी फोन घेईना, म्हणून विजू उचलेपर्यंत लावत राहिली. शेठना स्वतः कळवलं, काही न लपवता. मुख्य मी आहे, चूक माझ्याकडून झाली, असं म्हणाली. चूक कोणाची ते त्या नाकातल्या चण्यालाही कळलं असतं. पण ती म्हणाली, माझी.

आणि बाराला थोडा वेळ उरला असताना स्कुटी घाटावर आली. पंक्चर नाही, ट्रॉली आडवी नाही. बाकीची मुलं ज्याची त्याला देऊन, शाळेला कुलूप लावून, कान्ह्याला घेऊन ती आली होती. मागोमाग शेठची गाडी.

शेठ उतरले, घामाघूम. खुशी मामाच्या मांडीवर तिसरा पेढा खात होती. शेठनी तिचे केस हातात घेऊन पाहिले, पूर्ण आहेत बघून डोळे पुसले, आणि मला म्हणाले, "माय, दुकानात कापड पसंत नही पडा तो मैं बदलून देतो. बच्चा बदली नहीं होता."

मी मान खाली घातली. मामाला मात्र कोणी एक शब्द बोललं नाही. मांडीवर त्यानंच घेतलं होतं ना? सुरतेचा पाहुणा, त्याला सगळं माफ.

आणि आता ऐका. शेठ नातीला उचलायला वाकले, तर हर्षा मध्ये उभी राहिली. सगळा घाट बघत होता. ती शांतपणे म्हणाली, "शेठजी, कार्ड?"

मला वाटलं शेठ आता तिला तापीत ढकलणार. पण त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी दिलं, देवापुढं नारळ ठेवावा तसं. "मॅडम," ते म्हणाले, "आज समझा कार्ड कशाला."

मुहूर्तावर कान्ह्याचं जावळ उतरलं. तो किंचाळला, आप्पांना चावला, पळून गेला, परत धरून आणला. कान्हाच होता, शंका नव्हती. केस झेलायचा मान आमच्यात आत्याचा, पण माझी मुलगी आजारी होती, म्हणून मी पदर पसरून पुढं झाले. सगळ्यांनी एकदम हर्षाकडे पाहिलं. विजूनं, मामानं, आप्पांनीसुद्धा. माझ्याच नवसाला माझ्याच सुनेची परवानगी!

हर्षानं माझा पदर नीट पसरून दिला. "घ्या माय," ती म्हणाली, "केसांना कार्ड लागत नाही."

तेवढं खरं. त्या दिवशी माझ्या हातात बिनधास्त देता येईल असं तेवढंच उरलं होतं.