पुठ्ठ्याच्या स्टेशनातला दिवा

लग्नानंतर सासरी मी पहिल्यांदाच गेले होते. हे लग्न सासऱ्यांना मान्य नव्हतं. नवरा आत सासूबाईंशी हळू आवाजात बोलत होता आणि मी बाहेरच्या खोलीत उभी होते. सासरे टेबलाशी मान खाली घालून बसले होते. समोर छोट्या आगगाडीचे रूळ आणि बुटाच्या खोक्यातून कापलेलं स्टेशन. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा ते त्यात बसवत होते. मला ‘बस’ म्हणाले नाहीत.

सोल्डरिंग करताना तार सारखी निसटत होती.

“धर जरा,” ते वर न बघताच म्हणाले.

मी तार चिमटीत धरली. धूर निघाला, तार तापत गेली. मी तशीच धरून राहिले.

त्यांनी बॅटरी जोडली. बटर पेपरच्या खिडक्या पिवळ्या झाल्या. आत कुणी नाही हे ठाऊक असूनही कुणीतरी असल्यासारखं वाटलं. घरात माणसं आहेत हे बाहेरून उजेडावरूनच कळतं. त्या उजेडात आपल्याला जागा आहे का, हे मात्र खिडकी सांगत नाही.

सासरे माझ्या लाल बोटाकडे बघत होते.

“सोडायची नाही का?”

“दिवा निखळला असता.”

ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

“अगं, सुनेचं बोट भाजलंय. गार पाणी आण.”

आतलं बोलणं एकदम थांबलं.